चांदणी लावलेले शब्द

१

तायसिया ल्वोव्नाची आई ऑक्टोबरात सामाईक स्वयंपाकघरात पडली. उचलून खोलीत आणली तेव्हा तिचा उजवा हात गेला होता आणि वाचाही गेली होती. हात थोडाफार परत आला, वाचा काही आली नाही. डॉक्टरीणबाई नोन्ना गेन्रिखोव्ना म्हणाल्या, "बोलत राहा. उत्तराची वाट बघू नका, नुसतं बोलत राहा. कान शाबूत आहेत त्यांचे."

तायसियाला बोलत राहा म्हणणं सोपं होतं. सगळं आयुष्य भाषांमध्ये घालवलेल्या या बाईला साध्या गप्पा मात्र कधी जमल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी तिने आईला लोण्याची रांग सांगितली, बर्फाचं सांगितलं, शेजारच्या कापितोलिनाने पुन्हा या मायलेकींच्याच शेगडीवर पातेलं चढवलं तेही सांगितलं. तेवढ्यात तिच्याजवळचं बोलणं संपलं. दुसऱ्या दिवशी तिने आपण काम करतो त्या भाषासंस्थेतून कार्डांचा एक खोका घरी आणला आणि पलंगाशी बसून कार्डं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. म्हटलं, कामही होईल आणि आईच्या कानावर माणसाचा आवाजही पडेल.

तिचं काम सांगायला सोपं आणि पटवायला महाकठीण. आमची रशियन एका कुळातली, तुर्कांच्या भाषा दुसऱ्या, फिनलंडवाल्यांच्या तिसऱ्या, तमिळ-कानडी चौथ्या, एवढं सगळ्यांना मान्य आहे. तायसिया आणि तिच्या मंडळींचं म्हणणं असं की ही कुळंसुद्धा एकमेकांची दूरची भावंडं आहेत. पृथ्वीवरचा बर्फ मागे सरत होता तेव्हा कुणीतरी एकच भाषा बोलत होतं आणि या सगळ्या तिच्या लेकी-नाती. लेकींचे शब्द शेजारी शेजारी मांडायचे आणि त्यावरून त्या मूळ भाषेतला शब्द जुळवायचा. जुळवलेला शब्द कार्डावर लिहिला की त्याच्या आधी एक छोटी चांदणी काढायची. चांदणीचा अर्थ एवढाच की हा शब्द आम्ही कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही.

तायसिया आधी चांदणीचा शब्द म्हणे, मग त्याच्या लेकी म्हणे. आई छताकडे बघत पडून राही. कापितोलिना दारात उभी राहून हे ऐकायची. तिची खोली भिंतीपलीकडेच होती आणि दुसऱ्याच्या दारात उभं राहणं हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे अशी तिची समजूत होती.

"अगं, आजारी माणसाला पातळ लापशी द्यावी, तू तिला तमिळ पाजतेयस!"

"तुम्ही लापशी द्या, मी तमिळ देते," तायसिया म्हणायची. खरं तर लापशी कापितोलिनाच करून आणत असे आणि भरवतही तीच असे.

फेब्रुवारीत एका दुपारी आईने डावा हात उचलला, पेल्याकडे दाखवला आणि स्पष्ट म्हणाली, "पाणी."

फक्त ते रशियनमध्ये नव्हतं. चांदणीचा शब्द होता तो. तायसियाने तिला पाणी पाजलं. मग ती खिडकीशी जाऊन आधी हसली आणि मग तोंडावर टॉवेल धरून रडली. चार महिन्यांत आईच्या तोंडून निघालेला पहिला शब्द. कुठल्या का भाषेतला असेना, शब्द तर होता. आज पाणी म्हणाली, उद्या तास्या म्हणेल, घरी तिला तेच म्हणत. तिला एवढंच हवं होतं: आईने एकदा नावाने हाक मारावी.

२

नोन्ना गेन्रिखोव्ना मात्र खवळल्या.

"तुम्ही शिकलेली माणसं म्हणजे हद्द आहे! मी बोला म्हटलं ते माणसांसारखं बोला म्हटलं. यांच्या डोक्यात आता एकच दार उरलंय, तेही अरुंद. त्यातून एका वेळी एकच भाषा आत येईल. दुसरी येऊन बसली की रशियन बाहेरच राहील, कायमची. कुठली यायला हवी ते तुम्ही ठरवा."

"रशियन," तायसिया लगेच म्हणाली.

"मग तुमचं शास्त्र संस्थेत ठेवा. घरी गाणी म्हणा, नावं घ्या. त्यांची लहानपणची गावाकडची नावं घ्या."

तायसियाने शब्द दिला आणि पाळलाही. खोका परत गेला. ती आईला गावच्या नदीचं नाव सांगू लागली, मेलेल्या मावश्यांची नावं सांगू लागली. बेसूर आवाजात गाणीही म्हटली, ती कापितोलिनाने भिंतीवर मूठ आपटून बंद पाडली. आई ऐकून घ्यायची. मग तोंड वळवून आपलं बोलणं सुरू करायची.

कारण आई आता बोलत होती. पाण्यानंतर आग आली, मग हात, डोळा, रात्र. तायसियाने सगळी कार्डं आठवून पाहिली. हे शब्द तिने वाचून दाखवले होते, म्हणजे आश्चर्य काही नव्हतं. पोपटही एवढं करतो. पण पोपट वाक्य जोडत नाही, आणि आई वाक्यं जोडत होती. वाक्य म्हणून झालं की ती थांबायची. हे थांबणं धाप लागून थांबणं नव्हतं. फोनवर बोलणारा माणूस पलीकडचं ऐकायला थांबतो तशी ती थांबायची, मान थोडी कलती करून. आणि मग पुढे बोलायची.

ती बोलायची ते कपाटाकडे बघून. कपाट आणि भिंत यांच्यात वीतभर फट होती, तिथे इस्त्रीची फळी उभी असे. तायसियाने संस्थेतून डॉक्टरीणबाईंना फोन लावून विचारलं. त्या म्हणाल्या, असे रोगी एकाच बाजूला बघत राहतात, दुसरी बाजू त्यांच्या लेखी नसतेच. हे ऐकून तायसियाला बरं वाटलं. घरी येऊन तिने पलंग फिरवून घेतला. कपाट आता आईच्या दुसऱ्या बाजूला आलं. आईने सावकाश, कष्टाने मान वळवली आणि पुन्हा फटीकडे बघून बोलू लागली.

त्या बोलण्यात एक शब्द वरचेवर येई. तो कुठल्याही कार्डावर नव्हता.

आईला झटका आलाय, ती काहीही बरळेल, असं तायसियाने स्वतःला बजावलं. तरी दुसऱ्या दिवशी संस्थेत पोचल्यावर तिने कोट काढण्याआधी कोशांची कपाटं उघडली. त्यांच्या मंडळींचा एक कडक नियम होता. मूळ शब्द मान्य व्हायचा असेल तर तीन कुळांतून तीन साक्षीदार हवेत. एक काय, दोन काय, योगायोग असू शकतो.

पहिला साक्षीदार उत्तरेकडच्या तैगाच्या जंगलातल्या शिकाऱ्यांच्या एका बोलीत सापडला. तिथे त्याचा अर्थ होता गिळणं. दुसरा कॉकेशसच्या डोंगरात, नवरी घरात आणणं. तिसऱ्यासाठी तिला संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं. दक्षिण हिंदुस्थानातल्या एका रानातल्या बोलीत, कुणा मिशनऱ्याने शंभर वर्षांपूर्वी टिपून ठेवलेला: गुरं गोठ्यात घेणं.

गिळणं, नवरी आणणं, गुरं कोंडणं. या तिघांच्या मुळाशी एकच अर्थ बसत होता आणि तो बसवायला तायसियाला क्षणही लागला नाही. आत घेणं.

३

गुरुवारच्या बैठकीत तिने तो शब्द मांडला. लांब टेबल, मधोमध चहा, बशीत सफरचंदाचा मुरंबा, आणि भोवती एकमेकांचे शब्द पाडायला टपलेली मंडळी. तिन्ही साक्षीदार उभे राहिले आणि कुणालाही फोडता आले नाहीत. टेबलावर मुठी आपटल्या गेल्या, म्हणजे शब्द मान्य झाला. मग तिने आईच्याच बोलण्यातला दुसरा मांडला. मग तिसरा. त्या दिवशी टेबल मोडायचं तेवढं बाकी राहिलं.

वेन्यामिन मार्कोविच जिन्यात तिच्यासाठी थांबला. वीस वर्षं दोघं एकाच खोलीत समोरासमोर बसत होती. भांडणंही तेवढीच जुनी.

"तायसिया ल्वोव्ना, कुठून आणता हो? मला वर्षातून एक सापडतो आणि त्यालाही तुम्ही लोक लंगडा म्हणता."

"आईच्या आजारपणात रिकामा वेळ मिळतो. विचार करते."

"विचार आम्हीही करतो." तो टोपी हातात फिरवत राहिला. "आपण सगळे त्या घराबाहेर उभे राहून, आत कुठे काय असेल त्याचे अंदाज बांधतो. तुम्ही आज बोलत होता ते आत जाऊन चहा पिऊन आल्यासारखं."

"मत्सर वाटतो का?"

"वाटतो ना. खोटं कशाला बोलू? आई कशी आहे?"

"बोलायला लागली."

"काय सांगता! अहो, हे आधी सांगायचं सोडून शब्द कसले मांडता? काय बोलते?"

"पाणी मागते," तायसिया म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली.

तिला लाज वाटत होती. त्याहून जास्त आनंद वाटत होता, आणि आनंद जास्त होता याचीही लाज वाटत होती. डॉक्टरीणबाईंना दिलेला शब्द तिने मोडला नव्हता. ती आईशी रशियनच बोलत होती. फक्त आई दुसरं बोलू लागली की तिला थांबवत नव्हती. अजून एक आठवडा, तिने ठरवलं. पुढच्या गुरुवारपर्यंत. मग आईला पुन्हा रशियनकडे वळवायचं. एका आठवड्यात काही दार बंद होत नाही.

पावाच्या दुकानात विकणारी बाई तिला काहीतरी म्हणाली. तायसिया तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय म्हणालात?"

"सुटे द्या म्हटलं, सुटे! कानात कापूस घातलाय का?"

मागची रांग हसली. तायसियाने टोपीचे कानपट्टे वर केले, सुटे दिले आणि काळा पाव काखेत मारून बाहेर पडली. थंडीच एवढी होती की कानांना काही कळेनासं झालं असणार.

४

त्या आठवड्यात तिने रजा घेतली. कापितोलिना सकाळी लापशी घेऊन यायची. तायसिया मांडीवर कार्डं घेऊन पलंगाशी बसलेली असायची.

"तू तिचं ऐकतेस का लिहून घेतेस?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं जमेल? माझी बहीण गेली तेव्हा मी नुसती हात धरून बसले होते. मला तर लिहितासुद्धा नीट येत नाही, बरंच झालं म्हणायचं." तिने आईचं तोंड पुसलं. "ग्लाफिरा निकितिच्ना, ही तुमची लेक आहे हो. जरा बघा तरी तिच्याकडे."

आणि आईने खरंच बघितलं. फटीकडून मान सोडवून घेतल्यासारखी तिने ती तसूतसूने वळवली आणि लेकीच्या डोळ्यांत बघितलं. ओठ जुळले. "ता..." ती म्हणाली. कपाळावर घाम आला होता. "ता..."

तायसिया लिहून घेत होती ते आईचं वाक्य अर्धं राहिलं होतं. असं लांब, पूर्ण वाक्य आजवर आलं नव्हतं. त्यातला शेवटचा शब्द तेवढा उरला होता आणि तो मिळाला असता तर कित्येक वर्षांचा घोळ सुटला असता.

"थांब," ती म्हणाली, "आधी ते पूर्ण कर."

ती हे चांदणीच्या भाषेत म्हणाली. तोंडातून सहज निघून गेलं, शोधावं लागलं नाही. आई क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मान फिरवली आणि वाक्य पूर्ण केलं. कापितोलिना वाटी घेऊन उठली. त्या दिवशी जाताना ती काही टोचून बोलली नाही. निदान तायसियाला काही समजलं नाही.

दुपारी आई झोपली. थंडी अडवायला खिडकीच्या दोन काचांमध्ये कोंबलेल्या कापसावर ऊन पडलं होतं. खोली तापवणाऱ्या वाफेच्या नळात मधूनच टक् असं होई. तायसिया कार्डं लावत होती. आई शब्द सांगते तेवढे बरोबर असतात हे आता तिला माहीत झालं होतं, पण पुरावा वेगळा. भाषा खरीच जुळली आहे का हे पडताळायचा एकच शेवटचा मार्ग, आणि तो तिच्या मंडळींत कुणाच्या नशिबी येणं शक्यच नव्हतं. कुणीतरी त्या भाषेत प्रश्न विचारावा, आपण उत्तर द्यावं, आणि विचारणाऱ्याला ते कळावं. जिन्यात सिगारेटी ओढताना त्यांचा हा जुना विनोद असे.

तेव्हा प्रश्न आला.

छोटासा प्रश्न होता, अदबीने विचारलेला, आणि त्यात तो वरचेवर येणारा, आत घेण्याचा शब्द होता. तायसियाला पहिल्यांदा आनंद झाला तो रचनेचा. प्रश्न अगदी तिने मांडलेल्या नियमाप्रमाणे होता, एक स्वरही इकडचा तिकडे नव्हता. कार्डावरून डोळे न काढता तिने उत्तर दिलं. हो म्हणाली.

मग तिने वर बघितलं. आई झोपेतच होती. तोंड मिटलेलं, घशातून एकसारखा घोरण्याचा बारीक आवाज. जागची कुठे हललेली नव्हती.

तायसिया उठली नाही. आई झोपेत बोलली, असं तिने मनाशी म्हटलं. झोपेत बोलतात माणसं. कापितोलिनाचा रेडिओ असेल. नळ असेल. एकेक कारण तिने शांतपणे तपासलं आणि प्रत्येकाला पुरेसे साक्षीदार मिळेनात. तिची नजर कपाटाकडे गेली. फटीत इस्त्रीची फळी नेहमीसारखी उभी होती. कपाटाच्या कडेच्या वार्निशवर, माणसाच्या तोंडाच्या उंचीला, वाफेचा एक गोल उमटला होता आणि कडेकडून हळूहळू विरत होता.

तो पुरता विरेपर्यंत ती बघत राहिली. मग पुन्हा उमटतो का याची वाट बघत राहिली. फटीत तो पुन्हा उमटला नाही. तिच्या मानेला मात्र मागून गार वारा लागत होता आणि खिडकी तर समोर होती.

५

सकाळी कापितोलिना लापशी घेऊन आत आली आणि दारातच थबकली.

आई उशीला टेकून बसली होती. कपाटाकडे तिची पाठ होती आणि चेहरा लेकीकडे. रंग परत आला होता. डावा हात पुढे करून ती बोलत होती, रशियनमध्ये. थोडी अडखळत, पण तिचं ते गावाकडचं गोल गोल रशियन.

"तास्या. तास्येन्का, माझ्या बाळा. इतके दिवस कपाटामागच्या तिला अडवून धरलं होतं गं मी. तू कशाला हो म्हणालीस? ये, इकडे ये माझ्याकडे. मागे बघू नकोस. आईचा हात धर."

वाटी कापितोलिनाच्या हातातून कलली आणि लापशी जमिनीवर सांडली. तिने छातीवर क्रूस काढला, ती रडूही लागली आणि हसूही लागली.

"बोलली! देवा रे, बोलली! अगं तास्या, ऐकलंस का? नावाने हाक मारतेय तुला! अशी ठोंब्यासारखी काय उभी? ओ दे की आईला!"

तायसिया खोलीच्या मधोमध उभी होती. तिने आधी एकीच्या तोंडाकडे बघितलं, मग दुसरीच्या. दोघी एकच भाषा बोलत असाव्यात असा तिने अंदाज केला. व्यंजनं मऊ होती, स्वर लांबट, आणि एक छोटा शब्द सुरुवातीला दोनदा आला होता, बहुधा कुणाला तरी संबोधून. भाषा कानाला गोड होती. ती तिने पूर्वी कधी ऐकली नव्हती.

तिने खिशातून कोरं कार्ड काढलं, पेन्सिल जिभेला लावली आणि ऐकलं होतं तेवढं ध्वनीमागून ध्वनी टिपून घेतलं. मग, आता तिला येत होती त्या भाषेत, तिने पलंगावरच्या म्हातारीला अदबीने विनंती केली की हे एकदा सावकाश पुन्हा म्हणा. तिच्या खांद्यामागून कुणीतरी तीच विनंती पुढे पोचवावी तशी हळूच म्हटली.

म्हातारीने पुढे केलेला हात मागे घेतला आणि त्याने तोंड झाकलं. कापितोलिना भिंतीला टेकली होती. ती आता तायसियाकडे बघत नव्हती, तिच्या मागे बघत होती.

तायसियाने कार्ड पूर्ण केलं. वरच्या कोपऱ्यात भाषेचं कूळ लिहायचं असतं, तिथे तिने प्रश्नचिन्ह घातलं. खाली बोलणाऱ्या व्यक्तीचं नाव लिहायचं असतं. रडणाऱ्या म्हातारीकडे तिने बराच वेळ निरखून बघितलं आणि ती जागा कोरी सोडली.